पॉलिसी संपायच्या आत

आमच्या गावात कुणाचं ऑपरेशन झालं की माणसं आधी तब्येत विचारत नाहीत. आधी विचारतात, "पॉलिसीत झालं का खिशातनं?" पॉलिसीत झालं म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो, आणि खिशातनं म्हटलं की तो चुकचुकतो, मग आजारी माणूस त्याच्यासमोर ठणठणीत बसून चहा का पीत असेना. माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पॉलिसीत निघाले. दुसऱ्या डोळ्याची काही घाई नाही, असं खुद्द डॉक्टरच म्हणाले होते. पण मामा म्हणाले, "हाय तवर घेतो करून. फुडचं कुणी बघितलंय?" सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या.

आमचं गाव अकलूजच्या अलीकडे. नवरा साखर कारखान्यात कायम आहे, आणि कायम माणसाला कारखाना पॉलिसी देतो, त्याची, बायकोची आणि आईबापाची. हप्त्यातला थोडा भाग पगारातून कापतात. त्या कापलेल्या पैशाचं दुःख मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. वर्षभर घरात कुणी आजारी पडलं नाही तर आत्यांना चैन पडायची नाही. "फुकट गेलं की वरीस," म्हणायच्या. सगळे धडधाकट होते आणि त्याचंच त्यांना वाईट वाटायचं. आता बोला.

माझं माहेर माळशिरस तालुक्यातच, पण कोरड्या बाजूला. घरी मेंढरं. मी चांगली पळते म्हटलं की लोक लगेच म्हणतात, मेंढरांमागं पळून सवय झाली असणार. डोकं फिरतं माझं. मेंढरांमागं कुणी पळत नाही, पळालं तर मेंढरं बिथरतात. मी शाळेच्या मैदानावर पळायला शिकले, पी.टी.च्या सरांच्या शिट्टीवर, आणि त्यासाठी सकाळची झोप घालवली. मला पोलीस व्हायचं होतं. लग्न ठरताना मी नवऱ्याला तेवढंच विचारलं, भरती देऊ देणार का. तो व्हय म्हणाला आणि त्या शब्दाला जागला. लग्नानंतर मी पहाटे कालव्याच्या कडेनं पळायची आणि तो मागं मोटरसायकलवर यायचा, कारण एकटी सून पळताना दिसली तर गाव काय म्हणेल, याची आत्यांना धास्ती होती. गाव काही म्हणालं नाही. हसलं फक्त.

मी फॉर्म भरला आणि पुढच्याच महिन्यात मला दिवस गेले. वयात बसायची माझी ही शेवटची भरती होती. ही हुकली की पोलीस होणं संपलं. मैदानाची, म्हणजे पळायच्या परीक्षेची, तारीख काही लागत नव्हती, नेहमीप्रमाणे पुढं पुढं जात होती. मी देवाला म्हटलं, अशीच जाऊ दे. बाळंतपण झालं, अंगात ताकद आली की मी पळते.

मला तपासायला अकलूजच्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. लहानसा दवाखाना, बाहेर दोन बाकडी, बोलणं कडक. त्यांना मी भरतीचं सगळं सांगितलं होतं. शेवटच्या तपासणीला त्यांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "डोकं खाली आहे, पाणी चांगलं आहे, सगळं छान आहे. तुझं नॉर्मल होईल. घाई करू नकोस आणि कुणाला करू देऊ नकोस." हे शेवटचं त्या आत्यांकडं बघून म्हणाल्या. आत्यांनी त्याचा अर्थ भलताच काढला. दवाखान्याबाहेर आल्याबरोबर म्हणाल्या, "हिच्याकडं पॉलिसी चालत न्हाय, म्हनून बघ कशी बोलती."

पॉलिसी तिथं चालत नव्हती हे खरंच होतं. कारखान्याच्या यादीत तो दवाखाना नव्हता. यादीतला धड दवाखाना सोलापुरात, सात रस्त्याजवळ. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि खर्च माहेरचा असतो, अशी आमच्यात रीत. त्यामुळं मी निवांत होते. माहेरी जाईन, कळा आल्या की अकलूजच्या बाईंकडं जाईन, आई सोबत असेल.

अशात एक दिवस मामा कारखान्याच्या ऑफिसातून बातमी घेऊन आले. मामा मनानं चांगला माणूस, पण ऑफिसात कुणी काही सांगितलं की त्यांना तो सरकारी हुकूम वाटतो. तिथला क्लार्क म्हणाला होता की या महिनाअखेरीला पॉलिसी संपते. नवी दुसऱ्या कंपनीची येणार म्हणतात. तिच्यात बाळंतपण असेल का नसेल सांगता येत नाही, आणि असलं तरी पहिले नऊ महिने मिळणार नाही.

मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. माझी तारीख महिना संपल्यावर, पुढच्या महिन्यातली. पूर्वी आमच्याकडं बाळ अमावस्येला होऊ नये म्हणून बायका देव पाण्यात ठेवायच्या. आता अमावस्येचं कुणी नावही काढलं नाही.

"आठवडाभराचाच तर फरक हाय," आत्या म्हणाल्या. "इकडंतिकडं व्हतंय की."

मी म्हटलं, "आत्या, ते बाळ हाय. एसटी हाय का, अलीकडची धरली अन् पलीकडची सोडली?"

मामा हसले, पण कॅलेंडर खाली ठेवलं नाही.

मला वाटलं होतं, माझी आई ऐकून घेणार नाही. चार लेकरं तिनं दवाखान्याची पायरी न चढता जन्माला घातली, त्यातलं एक तर मेंढरं रानात बसलेली असताना. असली बाई म्हणेल, हात लावू नका माझ्या लेकीला. मी मोठ्या आशेनं फोन केला. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग जा की बाई सोलापूरला. आमचं झालं उघड्या रानात, आमाला कुणी इचारलं न्हाय. तुजं तरी मोठ्या डाक्टरच्या हातनं टेबलावर व्हतंय. चार बायकांत सांगाय बरं." रानातल्या बाळंतपणाचं कौतुक पुस्तकं लिहिणाऱ्यांना असतं. जिनं ते सोसलं तिला ते नको होतं. मला आईचा राग आला आणि तिचं म्हणणं पटलंही. दोन्ही एकदम झालं की माणूस गप्प बसतो, तशी मी बसले.

खरं तर माहेरच्यांच्या डोक्यावरचं ओझंही उतरलं होतं. बाळंतपण माहेरचं म्हणायचं आणि करायचं सासरच्या पॉलिसीत, असा नवाच तोडगा निघाला. रीत मोडू नये म्हणून आई डिंकाचे लाडू, खोबरं, शेपा आणि शेकायची शेगडी घेऊन थेट सोलापूरच्या दवाखान्यात हजर झाली. दारावरच्या वॉचमननं शेगडी अडवली. आई त्याच्याशी बराच वेळ भांडली. शेवटी शेगडी समोरच्या रसवंतीवाल्याकडं ठेवली, आणि आमचा मुक्काम हलेपर्यंत ती तिथंच होती.

मला कळा नव्हत्या, काही नव्हतं. पायानं चालत आत गेले. काउंटरवर एक पोरगा होता, त्याला सगळे कॅशलेसवाला म्हणत होते. त्यानं मान वर न करता विचारलं, "पॉलिसी कुठली?" आत्यांनी पदरात बांधून आणलेलं कार्ड त्याच्यापुढं ठेवलं आणि कुणी न विचारता सांगून टाकलं, "म्हैना संपायच्या आत व्हाय पायजे." त्यानं मान डोलावली. त्याला यात नवीन काहीच नव्हतं. मी पेशंट आहे हे त्याला नंतर कळलं, कारण कार्ड नवऱ्याच्या नावाचं होतं आणि आम्ही सगळीच सारखी दमलेली दिसत होतो.

मोठे डॉक्टर माणूस वाईट नव्हते. हसतमुख, भराभर बोलणारे. त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. वाट बघू शकतो. घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

घरच्यांनी म्हणणं सांगितलं. डॉक्टर ऐकत ऐकत हात धुवत होते. मग टॉवेलनं एकेक बोट पुसत म्हणाले, "तसं बाळाभोवतीचं पाणी जरा कमी वाटतंय मला."

एवढ्यात कॅशलेसवाला दारात आला. "सर, मंजुरीला पाठवायचंय. कारण काय टाकू?"

"पाणी कमी," डॉक्टर म्हणाले.

मी तिथंच खाटेवर बसले होते, लपून ऐकत नव्हते. मी विचारलं, "सर, अकलूजच्या मॅडम परवाच म्हणाल्या, पाणी चांगलं हाय म्हणून."

"परवा असेल," डॉक्टर म्हणाले. "पाण्याचं काय, रोज बदलतं." आणि पुढच्या पेशंटकडं गेले. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तिथं पाण्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी माणसं वाद घालत नाहीत, मीच मूर्ख.

ऑपरेशनच्या कागदावर सही करायला मी नाही म्हणाले. नर्सनं सांगितलं, मग लिहून द्या की काही झालं तर जबाबदारी माझी. हे ऐकल्यावर आई रडायला लागली. आत्या देवाचं नाव घेऊ लागल्या. मामा बाहेर जाऊन उभे राहिले. धोका आहे असं कुणी म्हणालंच नव्हतं, तरी लिहून द्या म्हटल्याबरोबर तो खोलीत येऊन बसला. मी एकटीनं कुणाकुणाला तोंड देणार होते?

तरी मी हलले नसते. मला हलवलं ते नवऱ्यानं, आणि त्यानं मला धमकावलं नाही की विनवलं नाही. तो शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुला पळायचंच हाय ना? मग आठ दिवस आधी मोकळी झालीस तर तेवढे दिवस जादा मिळतील की पळायला." त्याच्या तोंडावर इतका भाबडा आनंद होता. त्याला वाटलं, त्यानं माझ्या बाजूनं काहीतरी शोधून काढलंय.

मी त्याला नर्सला बोलवायला लावलं. तिला विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर पळता कधी येतंय?"

"दीड महिन्यात सगळी कामं करायला लागतात बायका," ती म्हणाली.

"कामं न्हाय. पळायला."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला हे आजवर कुणी विचारलं नसावं. "येईल की," म्हणाली. "न यायला काय झालं?"

मी सही केली.

माझ्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक बाई होती. घरात कन्नड बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. तिचे पाय सुजून भप्प झालेले, बीपी वर गेलेलं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. तिच्याकडं पॉलिसी नव्हती. तिला सगळे सांगत होते, धीर धरा, प्रयत्न करू, नॉर्मलच होईल. माझ्याकडं ऑपरेशनचं कारण शोधावं लागलं होतं, तिच्या अंगावर ते डोळ्यांनी दिसत होतं. तिच्या सासूनं आत्यांना विचारलं, "तुमचं कधी करणार?" आत्या म्हणाल्या, "मंजुरी आली की लगीच." त्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. आम्हा दोघींची अदलाबदल केली असती तर दोघींचंही भलं झालं असतं. पण तसं कुणी करत नाही.

दुपारी नवरा जिन्यावरून धावत वर आला. "मंजुरी आली," म्हणाला. आईनं लाडवाचा डबा उघडला. बारावीचा निकाल लागल्यावरही आमच्या घरात एवढा आनंद झाला नव्हता.

पाठीत सुई दिली. पाय गेले. माझे पाय, ज्यांच्यावर मी एवढा जीव टाकलेला, ते कुणीतरी उचलून सरळ केले आणि मला कळलंही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मग मुलीचा आवाज आला. तिला माझ्या गालाशी धरलं तेव्हा मी पॉलिसी विसरले, भरती विसरले, सगळ्यांना माफ करून टाकलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लेक माझी सोन्यासारखी आहे आणि त्या दिवशीही होती.

अक्कलकोटच्या बाईला मग त्याच दिवशी ऑपरेशनला पळवत नेलं. उशीर झाला होता. बाळ पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत राहिलं, पण वाचलं. मी घरी जायला निघाले तेव्हा ती आपल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपली होती.

टाके काढायच्या आत, आम्ही दवाखान्यात असतानाच, मामा भेटायला आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, नातीकडं बघत राहिले. आत्यांनी विचारलं, "नव्या पॉलिसीचं कळलं का काय?"

"कळलं," मामा म्हणाले. "जुनीच कंपनी हाय. हाय तसंच हाय समदं."

"बाळंतपन?"

"त्ये बी हाय. नव म्हैन्याचं बी काय न्हाय."

आत्या म्हणाल्या, "असू दे. झालं त्ये बरंच झालं." मामा माझ्याकडं न बघता उठले आणि नातीच्या अंगावरचं पांघरूण, जे नीटच होतं, ते नीट करून गेले.

मुलगी मान धरायला लागली त्या सुमाराला मैदानाची तारीख आली. त्याआधी मी जेवढं करता येईल तेवढं केलं. दीड महिना होताच कालव्यावर चालायला लागले. मग हळू पळायला. टाक्यांच्या जागी आतून ओढ बसायची, कळ यायची, मी पोट पट्ट्यानं करकचून बांधून पळायची. अकलूजच्या बाईंना विचारायला गेले. त्यांनी जखम बघितली, सगळीकडून दाबून बघितली. मग म्हणाल्या, "अजून दोन-तीन महिने मिळाले असते तर." आणि फी घेतली नाही. फी घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

सोलापूरच्या मैदानावर आम्ही सकाळी पोचलो. नवरा मुलीला घेऊन गेटबाहेर थांबला. छातीवर नंबर लावून मी रांगेत उभी राहिले. आजूबाजूला सगळ्या पोरी, माझ्यापेक्षा लहान, हसणाऱ्या, पाण्याच्या बाटल्या एकमेकींना देणाऱ्या. शिट्टी झाली आणि मी सुटले. आठशे मीटर. पहिली फेरी मी कुणाच्या मागं नव्हते. खरं सांगते, मला वाटलं, जमतंय. दुसऱ्या फेरीच्या वळणावर पोरी पुढं जायला लागल्या. पाय चांगले होते, दम होता, पण अंग पुढं जात नव्हतं. का जात नाही ते मला कळेना. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा वेळ गेलेली होती. मी गवतावर बसले.

कडेला नंबर टिपून घेणारी एक हवालदार बाई होती. माझ्या नंबरापुढं खूण करता करता तिनं विचारलं, "सिझर काय गं?"

मी म्हटलं, "कशावरनं?"

"डावा हात पोटावर धरून पळलीस की. पयल्या पावलापासनं."

मला माहीत नव्हतं. शप्पथ, मला वाटत होतं, माझे दोन्ही हात चालू आहेत. शेवटच्या टप्प्यात पाय थकले की हातच माणसाला ओढून नेतात, हे मी शाळेपासून जाणते. आणि मी एक हात जखमेवर ठेवून पळत होते, जसं कुणी दार लावून धरतं.

"सकाळपासून तुज्यासारक्या आणि दोघी आल्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात कीव नव्हती. "लांबनंच कळतंय. वय हाय का अजून?"

"न्हाय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.

आता मुलगी चालते, बडबडते. मी अजून पहाटे कालव्यावर पळते. आता दोन्ही हात हलतात. ओढ बसत नाही, कळ येत नाही. आठशे मीटरवर एक बाभूळ आहे, तिथपर्यंत. नवरा तिथं मुलीला खांद्यावर घेऊन उभा असतो आणि मोबाइलवर माझी वेळ लावतो. मी पोचले की तो बटण दाबतो, आकडा बघतो आणि मोबाइल खिशात घालतो. वेळ किती लागली ते तो सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.